खडूनं लिहिलेलं ‘चालू’

हिरव्या रंगाचा मला राग येतो. बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यात हे बोललो तर लोक वेड्यात काढतील, म्हणून फारसं बोलत नाही. पण माझ्या दोस्ताचं आयुष्य ज्यानं नासवलं तो रंग हिरवा होता, आणि तो एका कॉम्प्युटरच्या पडद्यावर होता.

मी वडवणीचा, तो चकलांब्याचा. एकाच भरतीत फौजेत लागलो, आणि नशिबानं पुढे एकाच युनिटात आलो. तो ट्रकचा ड्रायव्हर, मी वर्कशॉपच्या ऑफिसात. सुट्टी संपली की बीडच्या स्टँडवर भेटायचं आणि एकाच एसटीनं निघायचं, ही आमची रीत. तेव्हा स्टँडसमोर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या नव्यानं लागत होत्या. देश खुला झाला होता, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आता सगळं बटणावर होणार. आमच्या साहेबालाही तसंच वाटलं.

एका खाजगी कंपनीनं आमच्याकडे प्रोग्राम बसवला. कुठली गाडी तयार, कुठली दुरुस्तीत, कुठली बंद, ते पडद्यावर रंगीत आलेखात दिसायचं. तयार ती हिरवी, दुरुस्तीतली पिवळी, बंद पडलेली लाल. मशीन चालवायला मला शिकवलं. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मला त्याचा लई अभिमान होता. रोज सकाळी शेडमध्ये फिरायचं, मिस्त्री गाडीच्या काचेवर खडूनं जे लिहीत ते टिपायचं आणि जसंच्या तसं भरायचं. कुठला शब्द कुठल्या रंगात जाणार ते कंपनीच्या माणसांनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं, ते मला बदलता येत नव्हतं.

आता या खडूच्या भाषेत एक गोम होती. शेडमधले मिस्त्री ‘चालू’ लिहीत, म्हणजे ‘काम चालू’. धडधाकट गाडी शेडमध्ये येतेच कशाला, त्यामुळे तिथं त्याचा दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यातच येत नसे. पण शेडच्या बाहेर, गाड्यांच्या रांगेत, ‘चालू’ म्हणजे गाडी चालते. कंपनीचे लोक शेडमध्ये कधी फिरकले नाहीत. त्यांनी बाहेरच कुणाला तरी विचारलं आणि ‘चालू’ हिरव्यात टाकलं. झालं. पहिल्याच सकाळी दुरुस्तीतल्या निम्म्या गाड्या पडद्यावर तयार झाल्या.

मी तसाच उठून साहेबांकडे गेलो आणि सांगितलं. साहेब पडद्याकडे बघत बसले होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं. म्हणाले, बरोबर आहे तुझं, पण बड्या साहेबांची पाहणी होऊ दे, मग बदलून घेऊ. पाहणी झाली, बडे साहेब खूश झाले, आमच्या साहेबांची पाठ थोपटली गेली. मी पुन्हा आठवण केली. पुन्हा केली. आता बदललं तर आलेख धाडकन खाली येणार, आणि तो का आला याचा जाब कुणीतरी द्यायला हवा. तो द्यायला एकही माईचा लाल तयार नव्हता. हिरवं तसंच राहिलं.

मग एकदा मोठा ताफा निघायचा हुकूम आला. पूर्वी अशा वेळी शेडमध्ये विचारून गाड्या निवडत. या खेपेला साहेबांनी पडद्यावरून निवडल्या. माझ्या दोस्ताच्या वाट्याला जो ट्रक आला, त्याच्या ब्रेकचा नवा भाग आलाच नव्हता. शेडमध्ये जागा हवी म्हणून मिस्त्र्यांनी जुनाच भाग बसवून तो बाहेर काढून ठेवला होता, काचेवरचं ‘चालू’ तसंच ठेवून, म्हणजे काम अजून बाकी.

तो माझ्याकडे आला. “पाय पार खाली जातोय बे. दोन-तीनदा हाणल्याबिगर ब्रेक लागत न्हाई.”

आम्ही दोघंही साहेबांपुढे जाऊन उभे राहिलो. साहेबांनी मान वर न करता पडद्याकडे बोट केलं. “ओके दिखा रहा है ना? फिर?”

फौजेत ‘फिर’च्या पुढे बोलायचं नसतं. तो निघाला.

घाटाच्या उतारावर ट्रक सुटला. पुढच्या गाडीत माणसं होती, म्हणून त्यानं आपला ट्रक डोंगराच्या अंगाला घातला. पुढचे वाचले. त्याचा उजवा पाय गुडघ्यातून काढावा लागला.

चौकशी बसली. त्या सकाळचा आलेख छापून समोर ठेवला, ट्रक हिरवा. छापील कागद आमच्याच मशीनचा आहे एवढं सांगायला मला बोलावलं होतं. मी तेवढं सांगून ‘चालू’चं सगळं सांगायला लागलो, तर चौकशीच्या अधिकाऱ्यानं मधेच तोडलं, “जितना पूछा उतना बोलो.” आमचे साहेब बाजूलाच बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते. निकाल लागला: गाडी दुरुस्त, चूक ड्रायव्हरची, निष्काळजीपणा. त्याला घरी पाठवलं. त्या दिवशी मला माझ्या वर्दीची शिसारी आली, आणि ती अजून गेलेली नाही.

नोकरी पुरी करून मी वडवणीला आलो आणि लागलीच चकलांब्याला गेलो. तो भावाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसला होता, कुबडी पोत्याला टेकवलेली. गावात त्याला ‘मिलिटरीतनं काढलेला’ म्हणतात, हे मला वाटेतच कळलं होतं. संताप आवरत नव्हता. म्हटलं, आपण दोघं वर अर्ज करू, मी पाहिजे तिथं साक्ष देतो, आता मला कुणाची भीती नाही.

तो गिऱ्हाइकाला साखर मोजून देत होता. ते गेल्यावर म्हणाला, “काहून उकरायचं आता? मी लई विचार केलाय. मशीनची माझ्याशी काय दुश्मनी हाय? गाडी ठीकच असंल. माझाच पाय उशिरा पडला असंल.”

मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेड, मिस्त्री, खडू, पाहणी, साहेब. ब्रेक लागत नाही म्हणून तू स्वतःच माझ्याकडे आला होतास, हेही सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मलाच समजावल्यासारखा म्हणाला, “तू दोस्त हाईस म्हणून म्हणतूस रे.”

आणि आत तोंड करून त्यानं चहा ठेवायला सांगितलं.