कर्णा कुठून आला?

भाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भाजी निवडत होते. हिंगणघाटहून भाच्याचा फोन होता. "मावशी, बाबा झोपेतच गेले." डोळे भरून आले... आणि का कोण जाणे, हसूही आलं. शामराव भाऊजी म्हटले की मला आमच्या ओसरीवरचा तो रविवारच आठवतो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. आम्ही समुद्रपूरला राहायचो. वडील, म्हणजे आमचे दादा, शाळेत संस्कृत शिकवायचे. कुसुमताईला स्थळ आलं. मुलगा हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि लग्नसराईत वाजंत्र्यांबरोबर तुतारीसारखा लांब कर्णा वाजवायचा. ताईनं त्याला एका वरातीत पाहिलं होतं. तो तिला आवडला होता, हे फक्त मला ठाऊक होतं. दादांना मात्र ते वाजवणं खटकलं. सरळ नकार देववेना, म्हणून मुलगी पाहायला आलेल्या मुलालाच त्यांनी विचारलं, "जे वाजवता त्याचं नाव कुठून आलं, सांगता येईल?"

भाऊजी गडबडले. "मले नाई माहीत, गुरुजी. इचारून येतो."

विषय मिटला असं दादांना वाटलं. ताई दोन दिवस नीट जेवली नाही.

तिसऱ्या रविवारी भाऊजी सर्व्हिस मोटारीनं परत आले, मांडीवर पितळी कर्णा घेऊन! "कीर्तनकार बुवा म्हणाले, दानशूर कर्णावरून आलं. सेवाग्रामच्या मास्तरांनं त्रिकोण काढला, म्हणाले, ही तिरपी बाजू म्हंजे कर्ण..."

"कर्ण म्हणजे कान," दादा म्हणाले. "दुरून कानी पडतो तो कर्णा. शुद्ध संस्कृत शब्द आहे."

"मलेबी तसंच वाटलं होतं, गुरुजी. पण आमच्याकडं एक म्हातारे मुन्शीजी हायेत. त्यायनं फारसीचं पुस्तक काढून दाखवलं. तिकडं याच वाजाले करना म्हणतेत."

दादा उठून आत गेले. कोशाची पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. दाराआड ताईनं माझा हात घट्ट धरला होता. दादा बाहेर आले ते चष्मा पुसत. "मुन्शीजींचं बरोबर आहे. इतकी वर्षं मी पोरांना चूक सांगत आलो."

भाऊजींना धीर आला. "आनखी एक अर्थ राह्यला, गुरुजी. हिंदीत करना म्हंजे करणं. मले लग्न करना हाय."

दादा इतके हसले की आई चुलीपुढून धावत आली. त्याच वैशाखात लग्न लागलं. वरातीत नवरदेव घोड्यावरून उतरून स्वतःच वाजवायला लागला, आणि दादा सगळ्यांना सांगत सुटले, "फारसी शब्द आहे बरं का!"

उतारवयात भाऊजींना ऐकू कमी यायचं. ते गेल्यावर परवा मी ताईकडे राहून आले. सकाळी तिनं स्वयंपाकघरातून हाक दिली, "चहा झाला हो!" अख्ख्या आळीनं ऐकावी अशी. मी तर शेजारीच बसले होते. ती थबकली, मग हसली. "सवय हाय वं, जात नाई."

हळू बोल, असं मी तिला म्हटलं नाही.