बारशाच्या दिवशी चुकलेली ओटी

तुमच्या आईला तिच्याच माहेरी, तिच्याच मुलीच्या बारशाला, एका पाहुण्या बाईंनी न्हाऊ घालणारी मावशी समजून खण दिला. आणि तुमच्या आईने तो दोन्ही हातांनी घेतला. मी हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. माझ्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं की कुणी माझ्या हातून काढून घेतलं, हे मला आजही आठवत नाही.

थोरली हल्ली फोनवर विचारते, "आजी, माझ्या बारशाला काय झालं होतं?" मी पाळण्याचं सांगते, पेढ्यांचं सांगते. हे सांगत नाही, कारण शेजारी तिची आई बसलेली असते. म्हणून लिहून ठेवते आहे. मोठे व्हाल, मराठी वाचायला शिकाल, तेव्हा वाचा. क्रमाने लिहिते. बीडच्या कॉलेजात इतकी वर्षं इंग्रजी शिकवल्यावर क्रम सोडून मला काही सांगताच येत नाही.

तुमच्या आईबाबांचं लग्न लॉकडाऊनमध्ये झालं, दारातल्या मांडवात, मोजक्या माणसांत. तुमच्या बाबांच्या बऱ्याच नातेवाइकांनी नवरी पाहिली ती फोटोतच. नंतर बाबांना कॅनडात नोकरी मिळाली. तुमची आई सातव्या महिन्यात असताना ते गेले. बाळंतपण माझ्याकडे करायचं, बाळाचा पासपोर्ट आणि बाकीचे कागद झाले की तिने बाळाला घेऊन तिकडे जायचं, असं ठरलं होतं.

थोरले, तू पोट फाडून झालीस. घरी आणल्यावर मी एक वेळापत्रक करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं. तेल, अंघोळ, शेक, धुरी, हळिवाची खीर, दुपारची झोप. तू त्यातलं काही मानलं नाहीस. रात्रभर जागायचीस आणि सकाळी पाली गावाहून न्हाऊ घालणारी मावशी आली की गाढ झोपायचीस. तुमच्या आईचे टाके दुखायचे, ती कमरेत वाकून चालायची. माझ्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या ती नेसायची आणि वारा लागू नये म्हणून कानाला पांढरं फडकं बांधायची. बाळंतीण अशीच दिसते, यात मला वेगळं काही वाटलं नाही. मी तिला रोजच बघत होते.

एक गोष्ट मात्र लक्षात आली होती. तुमच्या बाबांचा रोज फोन यायचा आणि ती कॅमेरा फक्त तुझ्यावर धरायची. "बघ, जांभई देतेय. बघ, मूठ उघडली." तिचा स्वतःचा अंगठा दिसायचा, तेवढाच. बाबा म्हणायचे, "तू दिस ना जरा." ती म्हणायची, "अंघोळ व्हायचीय अजून." कधी म्हणायची, "नेटवर्क जातंय," आणि फोन ठेवायची. मला वाटायचं, आमच्यासमोर लाजत असेल.

बारसं आम्ही सव्वा महिन्यानंतर ठेवलं होतं. पाहुणे संध्याकाळी यायचे होते. पण धारूरच्या आत्या, म्हणजे तुमच्या आजोबांची, बाबांच्या वडिलांची, बहीण, सकाळीच येऊन पोचल्या. गावातली एक जीप बीडला निघाली होती, त्यात बसून आल्या. लग्नाच्या वेळी त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे सून त्यांनी पाहिलेली नव्हती. त्यांनी बाळंतविडा आणला होता. म्हणजे बाळंतिणीला साडी, बाळाला कुंची-झबली, आणि ओटीसाठी नारळ आणि गहू. एवढं सगळं त्या एका हातात धरून दुसऱ्या हातात काठी टेकत आत आल्या.

बाहेरच्या खोलीत तेव्हा दोघीच होत्या. तुमची मामी पाटावर बसली होती. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती नवी साडी नेसून, केसांत गजरा घालून तयार झाली होती आणि तू तिच्या मांडीवर होतीस. तुमची आई शेगडीजवळ जमिनीवर बसून तेलाची वाटी गरम करत होती. तिचं अजून काहीच आवरलेलं नव्हतं.

आत्यांनी तुमच्या मामीला कुंकू लावलं. तिच्या पदरात साडी, नारळ, गहू सगळं घातलं. मामीला कुणीतरी सांगितलं होतं की मोठ्या माणसांनी ओटी भरली की नको म्हणायचं नाही. ती बिचारी पदर पसरून बसली आणि तिचा चेहरा लाल होत गेला. मग आत्या तुमच्या आईकडे वळल्या. पिशवीतून एक खण काढला, त्यावर एक नोट ठेवली आणि म्हणाल्या, "घे बाई. पोरीला लई जोरात चोळू नको. नाजूक हाडं हायत. तुला किती लेकरं?"

तुमची आई म्हणाली, "एक."

"एकच? मंग या वयात आता कुठं होतंय."

"हो," तुमची आई म्हणाली आणि खण घेतला.

तुमची आई तेव्हा चौतीस वर्षांची होती.

मी पुढे झाले आणि म्हणाले, "आत्याबाई, अहो, ही... ही माझी मुलगी. तुमची सून ही आहे." आत्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग काठी टाकून त्या मट्‌कन खालीच बसल्या.

"अगं माझे आई! मंग बोलली कावून न्हाईस गं तू?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने देत होतात," तुमची आई म्हणाली.

नेमकी तेव्हाच पालीची मावशी दारात आली. काय झालं ते कळल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वा वो म्याडम! माजा खण ताईला, ताईची ओटी वैनीला. मंग मला काय, पोरीचं झबलं घालता का?"

सगळे हसलो. तुमची आईही हसली. आत्या डोळे पुसत हसत होत्या. भरलेली ओटी परत घ्यायला त्या तयार नव्हत्या. "ऱ्हाऊ द्या तिलाच. पुढच्या साली तिचा पाळणा हालंल," असं म्हणून त्यांनी मामीला आणखीच लाजवलं आणि माझ्या मुलाला घेऊन, त्या गुडघ्यांनी, भर उन्हात नवी साडी आणायला बाजारात गेल्या.

हसणं संपल्यावर मी आतल्या खोलीत गेले. तुमची आई कपाटाच्या आरशासमोर उभी होती. तिने कानाचं फडकं सोडलं होतं. खिडकीतून सरळ तिच्या तोंडावर ऊन पडलं होतं, आणि मी तिला त्या महिन्यात पहिल्यांदा बघितलं, असं म्हटलं तरी चालेल. दोन्ही गालांवर वांग उठले होते. डोळे आत गेले होते आणि त्यांच्याखाली काळं, कुणी बोटाने काजळ ओढावं तसं. ओठांच्या कडेला दोन रेघा होत्या. त्या तर माझ्या होत्या, रोज मला माझ्या आरशात दिसणाऱ्या. हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं आणि एका परक्या बाईंनी ते मला दाखवलं.

"आई," ती आरशाकडेच बघत म्हणाली, "मी कॅनडाला जात नाही."

"काय बोलतेस?"

"त्याने विमानतळावर ज्या मुलीचा निरोप घेतला, ती कुठे आहे? मी तिकडे उतरले आणि तो माझ्या मागच्या माणसांत मला शोधायला लागला तर? आत्यांसारखा?"

मी म्हणाले, "हे सगळं तात्पुरतं असतं. शरीरात बदल होतात. मी वाचलंय याबद्दल."

"तू वाचलंस, आई. आत्यांनी बघितलं."

ती रडत असती तर मी जवळ घेतलं असतं. पण ती रडत नव्हती. हिशेब करून ठरवलेलं सांगावं तसं तिने सांगितलं, फडकं पुन्हा बांधलं आणि तुला पाजायला गेली. ती जिद्दीची आहे, तुम्हाला माहीत आहेच. ठरवलं की ठरवलं. घर मोडायचं हिने माझ्या कपाटासमोर उभं राहून ठरवलं, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. संध्याकाळपर्यंत मी कुंकवाची कोयरी तीनदा शोधली आणि ती माझ्या हातातच होती.

संध्याकाळी बायका जमल्या. पाळणा सजवला. तुमच्या बाबांना फोनवर घेतलं होतं आणि मामी फोन धरून उभी होती. आत्यांनी आणलेली हिरवी साडी नेसून तुमची आई पाळण्यामागे बसली, पदर कपाळाच्या पुढे ओढून. आत्यांनी तुझ्या कानात नाव सांगितलं, बायकांनी पाळणा म्हटला, सगळं रीतसर झालं. मग फोनमधून बाबा म्हणाले, "वहिनी, जरा तिला दाखवा की. कुठे लपलीय?"

मामीने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आत्यांनी फोनजवळ तोंड नेलं. कॅनडा लांब आहे म्हणून त्या ओरडूनच बोलत होत्या.

"आरं, मी तुज्या बायकुलाच वळखलं न्हाई बग! मालीशवाली समजून खण दिला तिला! तू तरी वळखशील का, बग बाबा!"

त्यांच्या मनात काही नव्हतं. सकाळची गंमत त्या सांगत होत्या. पण खोलीत कुणी हसलं नाही. तुमची आई उठली. मला वाटलं, आत जाऊन कडी लावणार. तिने मामीच्या हातातून फोन घेतला, आतल्या खोलीत गेली, दिवा लावला, पदर मागे सारला आणि फोन तोंडासमोर धरला. मी दारातच थांबले. जावं की राहावं, कळत नव्हतं.

"बघ," ती म्हणाली. "ही अशी आहे मी."

पलीकडून आवाज नाही. तुमच्या बाबांचा चेहरा जसाच्या तसा, तोंड अर्धं उघडं. मला वाटलं, फोन अडकला. मनात म्हणाले, अडकलेलाच असू दे.

मग ते हलले. "हे कधीपासून?"

"ती झाल्यापासून."

"आणि मला रोज जांभया दाखवत होतीस?" त्यांचा आवाज चढला होता. त्यांना मी त्याआधी कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलेलं नव्हतं. "मी इथे सगळ्यांना सांगतोय, मजेत आहेत दोघी! तू झोपतेस कधी? आईंना दे फोन."

मी फोन घेतला. माझ्यापुढे कायम मान खाली घालून बोलणारे जावई सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "आई, ही दिवसा झोपते कधी?"

"दुपारी," मी म्हणाले. "म्हणजे, वेळापत्रकात झोपते."

दुपारी तू जागी असायचीस, शेजारच्या बायका बाळ बघायला यायच्या, आणि तुमची आई भिंतीला टेकून प्रत्येकीला चहा झाला का विचारायची. भिंतीवर मात्र झोप लिहिलेली होती.

"उद्यापासून दुपारी फोन पाळण्याशी ठेवा," बाबा म्हणाले. "मी बघतो पोरीला. तिला झोपू दे."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलले. हजारो मैलांवरून कोण बाळ सांभाळतं? पण दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. तिकडे तेव्हा पहाटेचा अंधार. मी फोन पितळी तांब्याला टेकवून पाळण्यासमोर ठेवला. तुमची आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी स्वयंपाकघरात होते. थोड्या वेळाने बाळंतिणीच्या खोलीतून पुरुषाचा आवाज आला, "आई, हलतेय! थोपटा!" पालीची मावशी ओट्याशी चहा पीत होती. तिच्या हातातली बशी फुटली. "अगं बया! कोन शिरलंय आत?"

मग हे रोजचंच झालं. शेजारच्या काकू बाळ बघायला दबकत आत गेल्या तर तांब्याजवळून आवाज आला, "काकू, झोपल्यात दोघी. चारनंतर या हं." काकू उलट्या पावली बाहेर आल्या आणि त्यांनी ते सगळ्या गल्लीला सांगितलं. आमच्या इथे बाळंतिणीच्या खोलीकडे नवरा फिरकतसुद्धा नाही. इथे तर तो खोलीतून बायका हाकलत होता. आत्यांनी धारूरहून फोन करून विचारलं, "खरं हाय का वो, विहीणबाई?"

तुमच्या आईचं रूप परत आलं असं मी लिहिणार नाही. वांग तसेच राहिले, डोळ्यांखालचं काळं थोडं कमी झालं, आणि त्याच चेहऱ्याने ती तुला घेऊन विमानात बसली. कॅमेरा मात्र तिने पुन्हा तुझ्याकडे वळवला नाही. केस पिंजारलेले असोत, तोंडाला उटणं असो, ती तशीच बोलायची.

जायच्या काही दिवस आधीची एक दुपार. तू उठून केव्हाच माझ्याकडे आली होतीस. फोन तसाच चालू आहे, हे माझ्या लक्षात आलं, म्हणून तो बंद करायला मी आत गेले. पाहिलं तर मामीने तो पाळण्याकडून पलंगाकडे वळवून ठेवला होता. पडद्यावर तुमचे बाबा, हनुवटीखाली हात, दाढी वाढलेली, पहाटेच्या जागरणाने त्यांचेही डोळे आत गेलेले. मी बोट पुढे केलं तशी हळू कुजबुज आली.

"आई, राहू द्या ना. घोरतेय ती."

मी कान देऊन ऐकलं. खरंच घोरत होती, चांगली मोठ्याने. माझी मुलगी घोरते, हे मला चौतीस वर्षांत माहीत नव्हतं.