वहिदाआपाची पारख

लातूरच्या ट्युशन एरियात २००९ साली वहिदाआपाचं सायबर कॅफे सगळ्या पोरांना ठाऊक होतं. खरं तर ते तिच्या नवऱ्याचं, रिजवानचं. पण तो दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत गावभर फिरायचा आणि गल्ल्यावर वहिदाच बसायची. क्लास सुटले की पोरंपोरी यायची. कुणी निकाल बघायला, कुणी फॉर्म भरायला, आणि बरीचशी एका ऑनलाइन खेळापायी. त्या खेळात एक राज्य होतं, बाजार होते, बंदरं होती, डोंगरात खाणी होत्या. तिथं सोन्याच्या मोहरा कमवायच्या आणि त्यातून घोडे, हत्यारं, घरं घ्यायची. मोहरा लवकर जमत नसत, म्हणून पोरं गाईड विकत घ्यायची. मोहरा कशा कमवाव्यात हे सांगणारी ही गाईडं कुणी ईमेलवर विकायचं, कुणी झेरॉक्स काढून. विकणारा आधी नमुन्याची चार पानं द्यायचा आणि ती पानं घेऊन पोरं वहिदाकडं यायची.

"आपा, हे खरं हाय का बघा की."

वहिदा आधी तारीख बघायची. खेळ सारखा बदलायचा, जुन्या वाटा बंद पडायच्या. कधी लिहिलं हेच ज्यावर नाही, ते गाईड ती परत द्यायची. मग तीच माहिती दुसरीकडं फुकट मिळतेय का ते शोधायची. खेळाचा पासवर्ड मागणाऱ्याचं तर पुढं वाचायचीसुद्धा नाही. हे सगळं जमलं की स्वतः कॉम्प्युटरवर बसून सांगितलेल्या वाटेनं थोडं चालून बघायची. पण तिची खरी नजर दुसरीकडंच असायची. लिहिणारा कुठं चुकला, कुठं त्याचे कष्ट वाया गेले, ते त्यानं लिहिलंय का?

"ज्याला एकदाबी 'मला ठाऊक न्हाई' म्हणता येत न्हाई," ती सांगायची, "त्याच्या मागं जायचं न्हाई."

का, ते कुणाला सांगायची नाही. आणि खेळताना ती हेडफोन कधीच लावत नसे. विचारलं तर म्हणायची, कान दुखतात.

शिरूर अनंतपाळची अंजू त्या वर्षी मेडिकलच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती. पहिल्यांदा थोडक्यात हुकली होती. वडील किराणा दुकानदार. पोरीला हॉस्टेलवर ठेवून गेले, तेव्हापासून ती फारशी कुणाशी बोलत नव्हती. क्लास झाला की तासभर येऊन खेळायची. तिला त्या खेळातलं जहाज घ्यायचं होतं.

"जहाजच का गं?" वहिदानं विचारलं होतं.

"आमच्याकडं टँकरची वाट बघावी लागते, आपा. एकदा तरी पाण्यातून जाऊन बघू द्या."

एका दुपारी तिनं एक गाईड आणलं. नांदेडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या, मूळच्या नायगावच्या वीरभद्र नावाच्या पोरानं लिहिलेलं. वहिदानं पानं वाचली आणि तिला बरं वाटलं. तारीख होती. बाजारात आपण कुठं फसलो ते त्यानं लिहिलं होतं. 'ही युक्ती मला जमली, तुम्हाला जमेल का ते सांगता येत नाही,' असंही एके ठिकाणी होतं. मग शेवटचं पान आलं. डोंगरातल्या एका पडक्या खाणीचं. 'आत शिरून डावीकडं वळा. सोनं तिथंच आहे. शंभर टक्के.'

वहिदाचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"हे पान याचं वाटत न्हाई."

"बाकीचं तर पटलं ना तुम्हाला?"

"पटलं. म्हणून तर म्हणते, हा बोलणारा माणूस दुसराच हाय."

"जाऊन बघू मग. पण आपा, त्या खाणीत डोळ्याला काही दिसत न्हाई. सोनं कुठल्या दगडाआड हाय ते आवाजावरून ओळखायचं असतं. मी खणते, तुम्ही ऐका." असं म्हणत अंजूनं हेडफोन तिच्यापुढं धरला.

'कान दुखतात' हे नेहमीचं कारण या वेळी वहिदानं दिलं नाही. तिनं ओढणी मागं सारली आणि हेडफोन लावला.

आधी नुसती घरघर होती, वाऱ्यासारखी. मग आवाज आला. ठक. थोडं थांबून, ठक, ठक. धातूवर काहीतरी आपटल्यासारखा. उजव्या कानात.

पडद्यावर अंजूचा माणूस डावीकडं वळला आणि कुदळ मारू लागला.

"तिकडं न्हाई, अंजू. उजवीकडून येतोय."

"गाईडमध्ये डावीकडं दिलंय, आपा. थोडं खणून तर बघू."

माती ढासळत होती. काही निघत नव्हतं. उजव्या कानातला आवाज चालूच होता, आणि वहिदाला वाटलं, तो हळूहळू मंदावतोय. तिनं हेडफोन कानावर दाबून धरला.

"उजवीकडं म्हणते ना!" ती ओरडली. "तिकडं खणून काय करायलीस? ती इकडं हाय!"

सगळं कॅफे वळून बघायला लागलं. वहिदानं हेडफोन काढून ठेवला आणि ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. अंजू पाण्याचा ग्लास घेऊन मागोमाग आली.

"आपा, ती कोण?"

वहिदा पाणी प्यायली. मग सांगितलं. रिजवानशिवाय कुणालाच तिनं ते सांगितलं नव्हतं.

१९९३ला, भूकंपाच्या साली, ती बारा वर्षांची होती. औसा तालुक्यातल्या एका खेड्यात दगडमातीचं घर. अब्बा महेबूब शिंपीकाम करायचे. भूकंप झाला त्या पहाटे ती आणि अब्बा औशाला फुफीकडं, अब्बांच्या बहिणीकडं होते. उजाडल्यावर कसेबसे गावात पोचले, तर घराचा ढिगारा झालेला आणि अम्मी आत. वहिदा ढिगाऱ्यावर चढली आणि तिला आवाज आला. भगुन्यावर पळी मारावी तसा. जिथं चूल होती, तिथून.

तेवढ्यात एक माणूस आला. स्वच्छ सदरा, हातात तांब्याची तार गुंडाळलेली काठी. शेजारच्या गल्लीत त्यानं जागा दाखवली आणि तिथं माणूस सापडलं, असं लोक म्हणत होते. काठी फिरवून त्यानं मागच्या खोलीकडं बोट केलं. "बाई इथंच हाय. शंभर टक्के." सगळे तिकडं धावले. वहिदानं अब्बांचा सदरा ओढला, चुलीकडं दाखवलं. अब्बा म्हणाले, "गप बेटा, त्यांना कळतंय."

दुपारपर्यंत मागची खोली उपसली. तिथं कुणी नव्हतं. मदतीला आलेल्या जवानांनी चुलीकडचे दगड हलवले तेव्हा आवाज बंद पडलेला होता.

 अंजूनं हळूच विचारलं, "अब्बांना ऐकू आला नव्हता का तो?"

"कधी विचारलं न्हाई."

पण आता त्या प्रश्नानं वहिदाची पाठ सोडली नाही. रविवारी ती बसनं औशाला गेली. अब्बा किल्ल्याजवळच्या आपल्या खोलीत मशीनवर बसले होते. भूकंपानंतर ते गाव सोडून इथं आले होते आणि वहिदाच्या लग्नानंतर एकटेच राहत होते. तिनं चहा केला, समोर बसली आणि एकदम विचारलं, "अब्बा, त्या दिवशी तुम्हाला आवाज आला होता का? चुलीकडून?"

मशीन थांबलं. अब्बांनी चाकावर हात ठेवला.

"आला होता."



"भगुन्याचाच होता," अब्बा म्हणाले. "पण मला वाटलं, मी कपडे शिवणारा माणूस, मला जमिनीखालचं काय कळणार? आणि तो एवढ्या खात्रीनं बोलत होता, बेटा. मला कशाचीच खात्री नव्हती." त्यांनी कापडावरून नुसताच हात फिरवला. "अजून येतो. मशीन थांबवलं की येतो. म्हणून मी थांबवत न्हाई."

"मला वाटायचं, मला एकटीलाच आला."

"मला वाटायचं, तू लहान होतीस, विसरली असशील."

चहावर साय धरली. दोघांपैकी कुणीच कप उचलला नाही. खिडकीतून एस.टी.चा भोंगा ऐकू आला तेव्हा वहिदा उठली आणि रिकामी पिशवी पुढं करून म्हणाली, "कपडे भरा. माझ्याकडं चला."

मधल्या दिवसांत अंजूनं वीरभद्रला ईमेल केला होता. त्याचं उत्तर सरळ आलं. खाणीचं पान त्यानं एका मित्राकडून घेतलं होतं. तो स्वतः तिथं कधी गेला नव्हता. त्यानं ते पान काढून टाकलं, आणि वहिदानं उरलेलं गाईड घ्यायला होकार दिला. दिवाळीपर्यंत अंजूचं जहाज आलं. पुढच्या उन्हाळ्यात ती परीक्षा पास झाली आणि मेडिकल शिकायला नांदेडला गेली.

अब्बांचं मशीन कॅफेच्या दाराशी लागलं. पोरांच्या दप्तरांच्या चेनी, उसवलेले शर्ट ते शिवून द्यायचे. भर दुपारी लोडशेडिंग सुरू व्हायचं. कॉम्प्युटर एकदम बंद पडायचे, पंखे थांबायचे, पोरं उठून निघून जायची. अशा वेळी कधी सुई अडकून अब्बांचा पाय थांबे, आणि अंधारलेल्या त्या खोलीत बापलेक एकाच क्षणी मान वर करत. कशासाठी, ते आता दोघांनाही एकमेकांना विचारावं लागत नसे.