घंटेचे मानकरी

देवाने माणूस घडवला तो नोंदवहीत बसवण्यासाठीच, अशी माझ्या मावशीच्या यजमानांची प्रामाणिक समजूत आहे. पलटणीतून पेन्शनवर आले आणि कोरेगावजवळच्या आमच्या खेड्यातल्या चर्चचा इतिहास, घराण्यांच्या वंशावळींसकट, लिहायला बसले. ते अजून लिहीतच आहेत. कुणी भेटलं की ‘कसा आहेस’ हा प्रश्न काकांना सुचत नाही. ‘आज्ज्याचा बाप्तिस्मा कुठं झाला?’ असं विचारतात. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांना पंगतीत गाठून चार पिढ्या वदवून घेतल्या. सासऱ्यांची जिलेबी ताटातच राहिली. मयताच्या घरीही सांत्वनाला सगळ्यांत आधी पोचतात, पण खिशाला पेन लावून.

इतिहासाचं पहिलं प्रकरण अर्थातच त्यांच्या आजोबांचं. चर्चची घंटा आजोबांनी दिली, असं घरात सगळे सांगत आलेले. त्या हक्काने दर रविवारी घंटा काकाच वाजवत, आणि दोर ओढताना छाती अशी काढत, जणू काही समोर जनरलसाहेब उभे आहेत. हे प्रकरण त्यांनी मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर आजींना हौसेने वाचून दाखवलं. आजींनी सुपारी कातरत शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “तुज्या आज्ज्यानं घंटा दिली न्हाई रं. इकली. कोरेगावच्या बाजारात. त्याचा बैल आणला. आत्ताची घंटा माज्या सासूनं न् चार बायकांनी कोंबड्या इकून आणली.”

काकांनी आठवडाभर वही उघडली नाही. मावशी म्हणाली, “आवं, ऱ्हाऊ द्या की तसंच. कोण बघायला येतंय?” पण चर्चच्या वर्धापनदिनाला उपासना संपल्यावर ते उभे राहिले आणि बैलासकट सगळं मंडळीसमोर वाचलं. खाली बसताना म्हणाले, “आता दोराला हात लावणार न्हाई.” मग मागून एक जण उठला आणि स्वतःच्या पणजोबाची भानगड सांगू लागला. त्याचं बघून दुसरा. इतिहास त्या दुपारी दुप्पट झाला.

पुढच्या रविवारी दोराजवळ कुणीच गेलं नाही. सगळे अंगणात ताटकळत उभे. शेवटी आजीच म्हणाल्या, “वाजीव रं बाबा, उनात किती उभं करतूस आमाला?”

काकांनी वाजवली. छाती न काढता.

यंदाच्या उन्हाळ्यात आजी गेल्या. मयताची घंटा काकांनीच दिली, एकेक टोला, सावकाश. पेटी दफनभूमीच्या वाटेला लागली तरी टोले थांबेनात. मावशी मागे फिरली. त्यांच्या मुठीतून तिनं दोर हळूच सोडवून घेतला, आणि मग दोघं आमच्या मागून चालत आली.