शिवप्पाची गाडी हलायला लागली

कडक भाकरी मोठी मानी असते. तव्यावरून उतरून वाळली, ताठ झाली की मग तिला कुणाचा धक्का खपत नाही. नीट जपली तर महिनाभर टिकते आणि जरा हिसका बसला की तुकडे. कुंभारीच्या शिवप्पाने अशा भाकऱ्या मोटारसायकलवरून सोलापूरच्या खानावळींत पोचवण्यात अर्धं आयुष्य घातलं होतं. त्याची भाकरी मोडायची ती गिऱ्हाइकाच्या ताटात, वाटेत नाही.

याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा? तो कामाला होता ती गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरीचे लोक पारावर पत्ते कुटत बसले. शिवप्पाच्या बायकोने, अक्कम्माने, भाकरीचा धंदा काढला आणि शिवप्पाने गाडीला दोन्ही बाजूंनी पत्र्याचे डबे बांधले. थापणारी ती आणि मिरवणारा हा, असं शेजारीपाजारी म्हणत, त्यात फारसं खोटं नव्हतं. खानावळीत डबे उतरवले की चहा, चहाबरोबर गप्पा, कुणाला मराठीतून कोपरखळी तर कुणाला कानडीतून. दुपारी घरी परतायचा तो अख्ख्या शहराची बित्तंबातमी घेऊन. त्या फेरीवाचून शिवप्पा म्हणजे नुसता एक म्हातारा, हे त्याला स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

यंदा दिवाळीनंतर डब्यांतून तुकडे निघायला लागले. पहिल्यांदा वरच्या चार-दोन भाकऱ्या, मग निम्मा डबा. खानावळीचा मालक बसप्पा भला माणूस, पण त्यानेही एक दिवस डब्यात हात घालून चुरा वर काढला आणि म्हणाला, "आप्पा, हे गिऱ्हाइकाला चमच्यानं वाढू काय?" शिवप्पा हसला खरा, पण चहा न पिताच निघाला.

गाडी हलत होती. जरा वेग घेतला की हँडल हातात थरथरायचं. वळणावर गाडी आधी झुकायलाच तयार व्हायची नाही आणि झुकली की एकदम आत पडल्यासारखी व्हायची. गुळगुळीत डांबरावरसुद्धा पुढून घुर्र असा आवाज यायचा.

घरात निवाडा व्हायला वेळ लागला नाही. मुलगा मृत्युंजय शहरात एका कचेरीत कारकून. कचेरीतल्या माणसाला दुसऱ्याला निवृत्त करायची भारी हौस असते. तो म्हणाला, "आप्पा, तुमचे हात कापायला लागलेत. वय झालं की आता. ओळखीचा टमटमवाला हाय, तो नेईल भाकऱ्या." शिवप्पाने काठोकाठ भरलेला चहाचा कप सगळ्यांसमोर उचलला आणि थेंब न सांडता तोंडाला लावला. कुणी बघितलंच नाही. उलट अक्कम्मा कानडीत म्हणाली, "साकु." पुरे झालं. मुलाचं बोलणं त्याने कानाआड केलं असतं, पण बायकोचा तो एक शब्द त्याच्या फार जिव्हारी लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी थेट बिरुदेवाच्या गॅरेजला लावली. बिरुदेव त्याचा गिरणीच्या काळापासूनचा दोस्त, अक्कलकोट रस्त्यावर त्याचं पत्र्याचं शेड. "हँडल थरथरतंय का माझं हात कापत्यात, तेवढं सांग," शिवप्पा म्हणाला. "हातच असतील तर हितनंच घरी बसतो."

बिरुदेवाला घाई म्हणून कधी माहीत नव्हती. त्याने गाडी डबल स्टँडवर घेतली, शिवप्पाला मागं दाबून बसवलं आणि पुढचं चाक अधांतरी केलं. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं, कुठं अडकत नव्हतं. खालून दोन्ही शॉकअप धरून पुढेमागे हिसडले, ढिले नव्हते. चाक फिरवलं, ते सरळ फिरत होतं. "बघ, गाडीत काय न्हाय," शिवप्पा खचून म्हणाला. टायर तर त्याने स्वतःच पाहिलं होतं, नक्षी चांगली शिल्लक होती.

बिरुदेवाने टायरवरून तळहात फिरवला. एका बाजूने फिरवला, मग उलट्या बाजूने. मग शिवप्पाचा हात धरून तिथं ठेवला. "आता बघ. असा फिरवला की गुळगुळीत. उलटा फिरव. लागतंय का?" लागत होतं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजलेली, दुसरी उभी राहिलेली, हाताला किसणीसारखी. मधला पट्टाही घासून चपटा झाला होता. म्हणून गाडी झुकायला आढेवेढे घेत होती आणि कड ओलांडली की आत पडत होती.

तरी बिरुदेवाने खात्री केली. मेव्हण्याची तशीच एक गाडी शेडात उभी होती, तिचं पुढचं चाक काढून शिवप्पाच्या गाडीला लावलं आणि म्हणाला, "जा, फिरवून आण." शिवप्पा कुंभारीच्या फाट्यापर्यंत जाऊन आला. गाडी दोरी बांधून ओढावी तशी सरळ आली. त्याचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस घरात जे चाललं होतं ते चोर सोडून संन्याशाला फाशी असंच होतं, आणि आता चोर हातात सापडला होता.

"पण शिवप्पा," नवं टायर चढवता चढवता बिरुदेव म्हणाला, "हे असं झिजतं ते पुढचा ब्रेक करकचून मारून मारून. तू तर जन्मभर मागच्या ब्रेकवर चालवनारा मानूस. पुढच्याला हात लावायला भ्यायचास. कधीपासनं मारायला लागलास?"

"रस्ता खराब हाय की."

"रस्ता गेल्या साली नवा झालाय." बिरुदेव पान्यावरून नजर न हलवता म्हणाला, "डोळं दाखवून घे एकदा."

शिवप्पाच्या उजव्या डोळ्यावर दसऱ्याच्या आधीपासून दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं, आणि डाव्यालाही आताशा पुढचं धड दिसत नव्हतं. स्पीडब्रेकर समोर आला की मग दिसायचा, आणि हात आपोआप पुढच्या ब्रेकवर आवळायचा. त्याचा थोरला भाऊ तिप्पण्णा डोळ्याचं ऑपरेशन करून आला तो सुधारलाच नाही, ओट्यावर जो बसला तो बसलाच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून शिवप्पाने तोंडाला कुलूप घातलं होतं. आता तर टायरने त्याची सुटका केली होती. मग आपणहून गळ्यात फास कोण अडकवील?

जुनं टायर त्याने मुद्दाम घरी नेलं. ओसरीवर टाकून मृत्युंजयाचा हात धरला आणि त्यावरून उलटा फिरवला. मृत्युंजय ओशाळला. "चुकलं, आप्पा," म्हणाला. अक्कम्माने टायरवरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला. "मी उगंच बोलले तुमाला," ती म्हणाली. शिवप्पाने मान डोलावली. खरं तर त्याला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पुढचे काही दिवस भाकऱ्या धड पोचल्या. बसप्पाने चहाबरोबर भजी मागवली. एकदा नाक्यावर एक हातगाडी अगदी अंगावर आल्यावर दिसली, पण नवं टायर जागच्या जागी थांबलं, काही मोडलं नाही, कुणाला कळलंही नाही. हातगाडीवाला दखनी उर्दूत काहीतरी पुटपुटला तेवढंच.

मग सोमवारी अक्कम्मा नवं लुगडं नेसून दारात आली. "सिद्धेश्वराला जाऊ या म्हनते," ती म्हणाली. "कितीक दिवस झाले तुमच्या मागं बसून. भ्या वाटायचं. आता गाडी सुदरली." आणि नातीला, काव्याला, तिने उचलून पेट्रोलच्या टाकीवर बसवलं. काव्याने आपले दोन्ही चिमुकले हात हँडलवर ठेवले. अक्कम्मा मागं बसली आणि तिने शिवप्पाच्या खांद्याला धरलं.

त्याने किक मारली. सकाळचं ऊन समोरून येत होतं. गल्लीच्या मध्यावर काहीतरी पांढरं होतं. त्याने डोळे बारीक केले, मान तिरकी केली.

"पुढं काय हाय गं, बाळ? वासरू हाय का पोतं पडलंय?"

काव्या खुदकन हसली. "आज्जा, ईरम्मा आज्जी हाय की ती. जवारी निवडत बसलीय."

शिवप्पाने गाडी बंद केली. खांद्यावरचा अक्कम्माचा हात घट्ट झाला होता. त्याने काव्याला दोन्ही हातांनी उचलून खाली उतरवलं, स्टँड लावला आणि मागं न बघताच म्हणाला, "टायर खराब हुतं, ते खोटं न्हाय. पन मला दिसत न्हाय, अक्कम्मा."

"कधीपासनं?"

"दसऱ्याच्या आधीपासनं."

अक्कम्मा खाली उतरली. काव्याला तिने पोटाशी धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. "आनि पोरीला फुडं बसवू दिलंत मला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"व्हय. बसवू दिलं." शिवप्पा म्हणाला. "तिप्पण्णासारखं ओट्यावर बसायचं न्हाय मला."

अक्कम्माने किल्ली काढून कनवटीला खोचली. "कोन बसवतंय तुमाला ओट्यावर? आज डोळ्याच्या दवाखान्यात जायचं. उद्यापासनं भाकरी टमटमनं जाईल आनि तुमी टमटममदी बसून जाल. डबं उतरवायला मानूस लागतंय की. बसप्पा काय टमटमवाल्याशी बोलनार हाय व्हय?"

शिवप्पा मटकन ओसरीच्या पायरीवर बसला आणि नातीसमोर, भर गल्लीत, मोकळेपणी रडला. अक्कम्मा त्याच्या शेजारी बसली, आणि दवाखान्यात जायला रिक्षा बघ म्हणून बापाला सांगून यायला तिने काव्याला घरात पाठवलं.