शब्द न फिरवणारी बटनं

मामा कीबोर्ड घ्यायला गेले की आधी वाजवून बघत नसत. आधी तो बंद करायला लावत. मग चालू. मग पुन्हा बंद. औरंगाबादच्या दुकानदाराच्या कपाळावर आठ्या चढल्या तेव्हा मामा हसून म्हणाले, "आवाज समद्याचाच चांगला असतो हो. उठल्यावर आपल्या जागी येतो का न्हाई, ते बघून राह्यलो."

मामा म्हणजे परतूरच्या आमच्या गायनपार्टीचे कीबोर्डवाले. लहानपणी देवी येऊन त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. पार्टी माझ्या थोरल्या भावाची, सुखदेवदादाची, मी गायला. जयंती असो की बारसं, आम्ही गावोगाव जायचो आणि लोक मामांना 'सूरदास' म्हणायचे. मामांना ते बिलकुल खपत नसे. "मला नाव हाय," म्हणायचे. आणि नाव विचारलं की सांगायचे, "मामा."

त्यांच्या जुन्या कीबोर्डवर मामींनी आपल्या कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. बासरीच्या बटनावर एक, ढोलकीच्या बटनावर दोन. मामा बोट फिरवून क्षणात हवा तो आवाज काढत. "मामीपेक्षा कीबोर्डच जास्त नटून राह्यला," असं दादा चिडवायचा, आणि मामी लाजायच्या. अंकुशनगरच्या एका कार्यक्रमात वीज एकदम चढली आणि तो कीबोर्ड जळाला. म्हणून आम्ही चौघं औरंगाबादला गेलो होतो.

मामांनी एक जाडजूड, वापरलेला कीबोर्ड पसंत केला. प्रत्येक आवाजाला वेगळं बटन, दाबलं की बोटाला कळेल असं. दादाच्या मनात मात्र मोठ्या पडद्याचा भरला होता. त्याच्या पडद्याखालची बटनं पडद्यावर जे पान असेल तसं काम बदलायची. आत्ता बासरीचं असलेलं बटन पान उलटलं की ठेक्याचं व्हायचं. मामी टिकल्यांचं पाकीट हातात धरून उभ्या राहिल्या, आणि कशावर काय लावायचं ते त्यांना कळेना.

"सुखदेव, बटनानं शब्द फिरवू न्हाई," मामा म्हणाले. "ह्याच्यावर बसवून मला पुन्यांदा आंधळा करू नको."

"मामा, समद्या पार्ट्या आता असलाच घेऊन राह्यल्या. जुनं धूड घेऊन गेलो तर कोण बोलावल आपल्याला?" दादाचंही खोटं नव्हतं. पडद्याचा आला.

मामांनी तोही शिकायचा चंग बांधला. चालू केल्यावर तो नेहमी एकाच पानावर उघडे. तिथून कोणतं बटन किती वेळा, हे त्यांनी तोंडपाठ केलं. अट एकच होती, मधे कुणी हात लावायचा नाही. असे काही महिने बरे गेले. माझाच जीव दर गाण्याआधी टांगणीला लागायचा.

मग एका गावी एका वारलेल्या आजीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आला. फोटोसमोर मेणबत्त्या, माणसं मान खाली घालून बसलेली. मामा बसायच्या आत दादानं कीबोर्ड चालू करून बासरीचं पान लावून ठेवलं. मामांनी नेहमीच्या हिशेबानं बटनं दाबली. मी श्वास घेतला, आणि वरातीचा ठेका सुरू झाला. मामांची बोटं पडद्यावरून, बटनांवरून धावत होती, पण ठेका थांबेना. आजीचा मुलगा उठला आणि त्यानं वायर उपटली.

परतताना जीपमध्ये दादानं कबूल केलं, "मामा, पान मीच लावून ठेवल्तं. तुम्हाला तरास नको म्हणून."

"सांगायचं तरी," मामा म्हणाले. "घरात खाट कुठं हाय ते ध्यानात धरून मी चालतो. तू हलवली, मंग मी आपटणारच की."

बातमी आमच्या आधी गावोगाव पोचली. कार्यक्रमाची सुपारी द्यायला आलेला एक जण दादाला बाजूला घेऊन म्हणाला, "तेवढं मामाला आणू नका." मामांनी ते ऐकलं. त्यांच्या कानांपासून काय लपणार? दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. दादा आग्रह करायला गेला, पण त्या आग्रहात जोर नव्हता, आणि तेही मामांना ऐकू आलंच असणार. घरात वाजवायची पेटी होती. तिच्यावर मामींनी गोधड्या रचल्या. मी जायची तेव्हा मामा पावसापाण्याचं बोलत, गाण्याचा विषय निघाला की उठून आत जात. मामांचं असं व्हायला नको होतं. आजही मला त्याचा राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

मामा गेले ते असेच, वाजवल्याविना. त्यांच्या पुण्यानुमोदनाला दादा नव्या वादकाला घेऊन आला. मामी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "माणसं या आत," म्हणाल्या, "ते यंत्र जीपमधीच राहू दे, सुखदेव."

कीबोर्ड जीपमध्येच राहिला. फोटोसमोर मी उभी राहिले. सूर द्यायला कुणी नव्हतं. मी गाणं फार वर धरलं आणि अंतऱ्याला आवाज फाटला. खाली कसं यायचं ते मला सापडेना. तशीच, फाटक्या आवाजात, शेवटपर्यंत गायले.