एकोणीस पक्ष्यांची पेटी

तिला सगळे पेटीताई म्हणत. कारागिरांनी कोरलेल्या नाजूक लाकडी वस्तू पेटीत बसवून परगावी पोचवायच्या, हे तिचं बावीस वर्षांचं काम. पेटीला ती खिळा कधी ठोकायची नाही. हादरा नको, म्हणून स्क्रूच.

या खेपेला पेटीत तिच्या थोरल्या भावाचं काम होतं. अखंड ओंडक्यातून कोरलेलं झाड, फांद्यांवर एकोणीस पक्षी, पाय आगकाडीपेक्षा बारीक. एका संग्रहालयाने ते मागवलं होतं. दादाची नजर आता गेल्यातच जमा होती. दुसरं झाड होणार नव्हतं.

ताईने बुंधा फोमच्या खाचेत घट्ट बसवला. फांद्यांभोवती मऊ कागद सैलसर भरला, दाब कुठेच येऊ दिला नाही. मग ती पेटी आणखी मोठ्या पेटीत.

"आता मलाही घाल एखाद्या पेटीत," दादा हसला. तिला हसू आलं नाही.

टेम्पोत ती मागे, पेटीला टेकून बसली. पहाटे एका वळणावर कुत्रं आडवं आलं आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला. पेटी जागची हलली नाही, पण आतून आवाज आला. कट्.

ताईने पेटीला कान लावला.

संग्रहालयात पोचताच तिने स्क्रू काढायला घेतले, तर तिथल्या बाईंनी अडवलं. "आज नको. इथली हवा कोरडी आहे. लाकडाला दिवसभर सवय होऊ दे, नाहीतर तडे जातील."

खरं होतं ते. ती इतरांना हेच सांगायची. दिवसभर ती त्या बंद पेटीसमोर बसून राहिली. जेवायलाही उठली नाही. दादाचा फोन आला, तेव्हा "पोचलं" एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्क्रूड्रायव्हर बाईंच्या हातात दिला आणि पेटी बाईंनीच उघडली. अठरा पक्षी फांद्यांवर होते. शेंड्यावरचा कागदात पडला होता, एक पाय मोडून.

तिने रडत रडत दादाला फोनवर सांगितलं.

"त्या पायात लाकडाची गाठ होती गं, तिथे ते कच्चं असतं. मला माहीत होतं. सांगितलं असतं, तर तू पेटी बांधलीच नसतीस."

बाईंनी पाय सरसाने इतका बेमालूम जोडला, की सांधा शोधावा लागे. ताई मात्र महिनाभर दादाशी धड बोलली नाही. हल्ली ती कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी कारागिराला दरडावते, "गाठ कुठे आहे, ते आधी बोल!"